वाघ दिसला नाही, तरी फॉर्म भरायचाच

या सदरात दर महिन्याला वेगळ्या कामातली एक व्यक्ती वाचकांच्या पत्रांना उत्तरं देते. या अंकातली उत्तरं सत्तरी तालुक्यातल्या एका फील्ड टेक्निशियन ताईंची. गोव्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरांत वन्यजीव सर्वेक्षणाचं काम त्या अनेक वर्षं करत आहेत.

प्रश्न: मी डिचोलीची. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फील्ड टेक्निशियन दिवसभर नेमकं काय करतात? आणि वाघ किती वेळा दिसतो?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. वाघ दिसत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी वनरक्षकांची सगळी नोकरी म्हादई आणि मोलेच्या रानात गेली, पण पट्टेरी वाघ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आपल्याकडचं रान दाट आहे, चढउताराचं आहे आणि आपण येतोय हे वाघाला आपल्या कितीतरी आधी कळतं. आपल्याला सापडतात त्या खुणा. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, ओल्या मातीतला ठसा, झाडाच्या सालीवरचे ओरखडे, पायवाटेच्या मधोमध टाकलेली विष्ठा, मारलेल्या सांबराचा सांगाडा. आमचं काम या खुणांवर चालतं.

देशभरातली व्याघ्रगणना 2006 पासून दर चार वर्षांनी एका ठरलेल्या पद्धतीने होते. त्याआधी ठशांवरून वाघ मोजत. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि रानात एकही उरला नव्हता, हे 2005 च्या सुमाराला उघड झालं आणि ती पद्धत मोडीत निघाली. आता प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या रानाच्या तुकड्यात, ठरवून दिलेल्या वाटांवर पाच-पाच किलोमीटर चालायचं, मांसभक्षी प्राण्यांची प्रत्येक खूण नोंदवायची आणि मोबाइलमधल्या एम-स्ट्राइप्स ॲपवर आपण चाललेली वाट उमटत ठेवायची. शिवाय दोन किलोमीटरची एक सरळ रेघ आखलेली असते, तिला ट्रान्सेक्ट म्हणतात. उजाडताना त्या रेघेवरून सावकाश, न बोलता चालायचं. गवा, सांबर, भेकर, शेकरू, वानर जे दिसेल ते किती होते, रेघेपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात होते ते लिहायचं. अंतर रेंजफाइंडरने मोजायचं. “साधारण पंचवीस मीटर” असं लिहिण्याचा मोह फार होतो. पण सगळ्यांनीच पंचवीस आणि पन्नास लिहिलं, तर प्राण्यांची घनता काढणारं पुढचं सगळं गणित वाकडं होतं. बावीस असेल तर बावीसच लिही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पाच किलोमीटर चाललो, घाम गाळला, पायाला जळवा चिकटल्या आणि एकही खूण मिळाली नाही. त्या दिवशी बरेच जण फॉर्म कोरा ठेवतात, “काहीच नव्हतं, काय लिहायचं” म्हणतात. पण कोरा फॉर्म पाहून पुढे आकडे जुळवणाऱ्याला कसं कळणार, की इथे वाघ नव्हता की इथे माणूसच गेला नव्हता? खूण न मिळणं हीदेखील माहिती आहे. तारीख, वेळ, कुठून कुठपर्यंत चाललो, सोबत कोण होतं आणि पुढे स्पष्ट “खूण नाही”. एवढं प्रामाणिकपणे लिहिणारी मुलगी मला वाघाचा फोटो काढणाऱ्यापेक्षा जास्त हवी आहे.

कॅमेरा ट्रॅपचं, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचं काम तुला आवडेल. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात आणि एक वाघ दुसऱ्यापासून ओळखायचा तर दोन्ही कुशी हव्यात. बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच. कॅमेरा जमिनीपासून गुडघ्याच्या आसपास बांधायचा. बांधला की मी हातापायांवर रांगत त्याच्यासमोरून जाते आणि समोरचा लाल दिवा लुकलुकतो का ते दुसऱ्याला बघायला सांगते. माणसाच्या उंचीवरून हात हलवून दिवा लागला म्हणजे जनावर टिपलं जाईलच असं नाही. मग पाटीवर जागेचा क्रमांक आणि तारीख लिहून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची, म्हणजे कार्डावरचा पहिला फोटो त्या जागेचा पुरावा होतो. समोरचं गवत मुळापासून कापायचं, नाहीतर दुपारच्या उन्हात तापलेलं पातं वाऱ्यावर हललं की कॅमेरा फोटो काढत सुटतो आणि कार्ड गवतानेच भरतं. बॅटरी बदलली की घड्याळ तपासायचं. घड्याळ चुकलं तर फोटो कितीही सुंदर असो, गणनेत त्याचा उपयोग नाही. काही दिवसांनी परत गेलीस की कॅमेऱ्याच्या पेटीत मुंग्यांनी घर केलेलं सापडेल, पट्ट्याखाली बुरशी आलेली असेल, एखाद्या गव्याने कॅमेरा चाटून भिंगावर लाळेचा थर ठेवलेला असेल. ते सगळं पुसून, सिलिका जेलची पुडी बदलून, पुन्हा रांगायचं.

दुपारनंतर तळावर बसून नोंदी संगणकात चढवायच्या. हे कोणी सांगत नाही, पण कामाचा निम्मा वेळ यात जातो. हजारो फोटोंत गुरं, कुत्री, काजूला निघालेल्या बाया आणि मधूनच एक उदमांजर. सगळं नोंदवायचं.

प्रश्न: मी वाळपईचा. माझ्या मुलीला एका वन्यजीव प्रकल्पात काम मिळालं आहे. डोंगरात मुक्काम आहे, फोनला रेंज नाही. नातेवाईक म्हणतात पाठवू नका. तुम्ही स्वतः बाई आहात म्हणून विचारतो.

उत्तर: पाठवा. पण पाठवण्याआधी प्रकल्पाच्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारा. प्रश्न विचारणाऱ्या बापाचा राग धरणारा प्रकल्प असेल, तर मात्र पाठवू नका.

विचारायचं ते असं. मुक्काम वनखात्याच्या चौकीत, गावातल्या घरात की तंबूत? तिच्यासोबत दुसरी बाई आहे का? संडास आणि अंघोळीची बंद जागा आहे का? एकटीला रानात पाठवणार नाहीत ना? आमच्या कामात कोणीच एकट्याने जायचं नसतं, पुरुषानेही नाही. संध्याकाळी टोळी परतली नाही तर कोणी, किती वाजता शोधायला निघायचं हे ठरलेलं आहे का? रेंज असलेली सर्वांत जवळची जागा कोणती, गाडी कुठपर्यंत येते? पगार महिन्याचा की रोजाचा, जेवणखर्च कोणाचा, अपघात विमा आहे का? हे सगळं कागदावर लिहून घ्या. प्राण्यांच्या प्रेमापोटी मुलं तोंडी शब्दावर कामाला लागतात आणि पाय मोडला की दवाखान्याचं बिल घरच्यांवर येतं.

पाळीच्या दिवसांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तिची आई नक्की विचारील. त्या दिवसांत तळावरचं काम मागायचा तिला हक्क आहे आणि चांगल्या टोळीत त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. चालायचं असेल तर तेही जमतं. वापरलेलं सगळं घट्ट पिशवीत बांधून परत आणायचं.

धोक्याचं खरं सांगते. वाघाचं भय मनातून काढा. रानात मी सर्वांत जपून असते ती अस्वलाला आणि एकट्या नर गव्याला. अस्वलाला ऐकू कमी येतं असं जुनी माणसं सांगतात. ते खरं असो नसो, वळणावर ते अवचित समोर येतं आणि अंगावर धावतं. म्हणून दाट जागी आम्ही मुद्दाम काठी आपटत चालतो. ट्रान्सेक्टवर मात्र आवाज करता येत नाही, तिथे पुढच्या माणसाचे डोळे हाच आधार. पावसाळ्यात हाताच्या उंचीवरच्या फांदीवर चापडा हा विषारी साप बसलेला असतो, हिरवा असेल नाहीतर तपकिरी, पानापासून वेगळा दिसतच नाही. फांदी धरण्याआधी बघण्याची सवय तिला लावून घ्यावी लागेल. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून बनते. चापड्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून न चावून घेणं हाच त्यावरचा इलाज. आणि कोणताही साप चावला तरी बांधाबांध, कापाकापी, गावठी औषध यांत वेळ न घालवता 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा.

तुमच्या मुलीचं नाव निवड यादीत आलं याचा मला मनापासून आनंद झाला. मी लागले तेव्हा टोळीत बाई म्हणजे स्वयंपाकाला, असंच गृहीत धरत.

प्रश्न: आमची काजूची बाग रानाला लागून आहे. माकडतापाची भीती वाटते. तुम्ही तर रोज रानात असता, तुम्ही काय काळजी घेता?

उत्तर: वहिनी, ही भीती योग्य आहे आणि काळजी घेणं हातात आहे. हा रोग 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्या सत्तरीत 2015 साली पाली गावात त्याने माणसं दगावली, ते तुम्हाला आठवत असेल. तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. माणसाकडून माणसाला लागत नाही, म्हणून तापातल्या माणसाला वाळीत टाकू नका.

गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पानांच्या थरात, राहतात. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा जोर असतो, म्हणजे नेमका आपल्या काजूचा हंगाम. मी फिकट रंगाची पूर्ण बाह्यांची कापडं घालते, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. विजार मोज्यांत खोवते आणि मोज्यांवर, मनगटांवर, मानेला गोचिडींना दूर ठेवणारं डेपा तेल लावते. काही तासांनी त्याचा असर जातो, तेव्हा पुन्हा लावायचं. जेवायला पातेऱ्यावर बसत नाही, दगडावर बसते. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात आणि मग अंघोळीला बसून बगल, कंबर, गुडघ्यामागचा खळगा, कानामागची जागा चाचपायची. सापडली तर बोटांनी चिरडू नका, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा.

बागेत वानर किंवा लाल तोंडाचं माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, पुरू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आजूबाजूची जागा धोक्याची होते. रानात जाऊन आल्यावर आठवडाभरात एकाएकी जोराचा ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं आणि अंग मोडून आलं, तर डॉक्टरला “मी बागेत गेले होते” हे आधी सांगा. नुसता ताप सांगितलात तर मलेरिया-डेंग्यूच शोधत बसतील.

प्रश्न: मी केरीच्या शाळेत शिक्षक आहे. मुलं मातीतला ठसा दाखवून “वाघ!” म्हणतात. कसं ओळखावं?

उत्तर: आधी नखं बघा. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नखांची टोकं उमटतात. मांजरकुळातल्या प्राण्यांची नखं चालताना आत असतात, म्हणून उमटत नाहीत. मग तळव्याच्या गादीची मागची कड बघा, मांजरकुळात तिला तीन गोलसर भाग दिसतात. बिबटा की वाघ हे आकारावर ठरतं, पण चिखलात ठसा पसरतो आणि बिबट्याचाही मोठा दिसतो. म्हणून कडक, ओलसर मातीतलाच ठसा मोजा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. सत्तरीत मुलांना दिसणारे बहुतेक ठसे कुत्र्याचे किंवा बिबट्याचेच निघतील. मुलांना वही घालून द्या, तारखेसह लिहू द्या.

प्रश्न: आमचं घर अभयारण्यात आहे. आमचे आजे-पणजे इथेच गुरं राखत आले. तुम्ही कॅमेरे लावता, “वाघ आहे” म्हणून कागद रंगवता आणि मग आम्हाला उठायला सांगतात. तुम्ही कोणाच्या बाजूने काम करता?

उत्तर: भाऊ, तुमच्या पत्रातल्या रागाला आधार आहे, म्हणून गोल गोल बोलत नाही.

म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्यं 1999 मध्ये जाहीर झाली. नकाशावर रेघ ओढली गेली, पण रेघेच्या आतली घरं, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, काजूच्या बागा आणि चराऊ जागा कोणाच्या हे प्रश्न वर्षानुवर्षं तसेच लोंबकळत राहिले. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीला एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली. त्याआधी वाघाने गुरं मारली होती. त्या बातमीने मी आतून हलले. एक आई तीन पिल्लं वाढवत होती, म्हणजे वाघ गोव्यातून नुसता ये-जा करत नव्हता, इथे राहत होता. आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं की ज्याचं दुभतं जनावर गेलं, त्याच्या घरी त्या दिवशी चूल कशी पेटली असेल ते विचारायला फार थोडी माणसं गेली. 24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असं सरकारला सांगितलं आणि तिथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून गावागावात एकच बोलणं, “आता उठवणार.”

तुमच्या हातात असावी अशी माहिती देते. वन्यजीव कायद्यातल्या 38-व्ही कलमाप्रमाणे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातूनसुद्धा लोकांना जबरदस्तीने हलवता येत नाही. स्थलांतर स्वेच्छेचं असावं लागतं, त्याला ग्रामसभेची आणि त्या कुटुंबाची माहितीपूर्ण संमती लागते आणि त्याआधी 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली निघालेले असावे लागतात. बफर क्षेत्रात, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, तर माणसांनी आणि वन्यप्राण्यांनी एकत्र राहावं असंच कायदा धरून चालतो. म्हणून तुमचा वनहक्काचा दावा कुठे अडकला आहे याचा पाठपुरावा आजच करा, कॅमेरे लागले असोत नसोत.

जनावर मारलं गेलं तर धड हलवू नका, फोटो काढा, ताबडतोब बीटच्या वनरक्षकाला कळवा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. धड ओढून टाकलं की पुरावा जातो आणि भरपाईही जाते. पंचनामा त्याच दिवशी झाला पाहिजे आणि पैसे लवकर हातात पडले पाहिजेत, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणते. वाघ वाचवायचा खर्च एकट्या गुराख्याच्या गोठ्यातून वसूल करणं अन्यायाचं आहे.

आता कोणाच्या बाजूने. मी जे आहे ते लिहिते. वाघ असेल तर वाघ, नसेल तर नाही. तुम्हाला नको म्हणून वाघ पुसणार नाही आणि कोणाला हवा म्हणून रंगवणारही नाही. तुमची गुरं कुठे चरतात, गावची वाट कुठून जाते, व्याघ्रदेवाची घुमटी कुठे आहे, हेही माझ्या नोंदीत असतं. न्यायालयात उद्या कोणी म्हणालं की इथे माणसाचा वावरच नाही, तर माझ्या कार्डांवर तुमच्या म्हशी तारखेसह आहेत. वाघाचा फोटो कुठे मिळाला ती जागा मात्र मी तुम्हालाही सांगत नाही. शिकाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून तसा नियम आहे. बाकी काय मिळालं ते बघायला तळावर या. तुमच्या वाडीतला कोणी तरुण तयार असेल तर त्याला कामावर घ्यायला मी भांडेन. रान तुमच्या माणसांइतकं आम्हा कोणालाच कळत नाही. पुढे चालणारा माणूस वाडीचा असला की खूण आधी दिसते, आणि कागदावर काय लिहिलं जातं तेही वाडीला कळतं.

प्रश्न: मी बारावी झालो, काणकोणचा आहे, पदवी नाही. मला हे काम मिळेल का?

उत्तर: मिळेल. संशोधक व्हायचं असेल तर पदवी, पदव्युत्तर शिक्षण हवंच. फील्डवर्कला पाय, डोळे आणि सुवाच्य अक्षर लागतं. खोतीगावच्या रानात तू लहानपणापासून फिरला असशील तर निम्मं शिक्षण झालेलं आहे. वनरक्षकाची सरकारी भरती निघते तिच्यावर लक्ष ठेव, ती कायमची नोकरी. प्रकल्पांची कामं कंत्राटी असतात, काही महिन्यांची, आणि ती बहुधा वनखात्याच्या रेंज ऑफिसात किंवा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारल्यावरच कळतात. पावसाळा संपता संपता जाऊन भेट, कारण कॅमेरे कोरड्या ऋतूत लागतात आणि माणसं त्याआधी घेतात.

मोबाइलवर जीपीएसचे अक्षांश-रेखांश वाचायला आणि एक्सेलमध्ये तक्ता भरायला शिकून जा. पक्ष्यांची, झाडांची नावं तुमच्या बोलीत येत असतील तर तीच लिहून ने, शास्त्रीय नावं तिथे शिकवतील. पहिल्या पगारातून बूट घे, चांगल्या पकडीचे, आणि जळवांसाठीचे कापडी मोजे. नोंदी शिसपेन्सिलीने कर, पेनाची शाई पहिल्याच पावसात पसरते. दोन पेन्सिली ने, एक व्हाळात पडतेच.